कैऱ्यांवर ठेवायची वीट

अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे आल्यावर मी खारातल्या कैऱ्या घातल्या. मिठाच्या पाण्यात त्या बुडून राहायला वर ताटली आणि ताटलीवर वजन लागतं. आमच्याकडे मागच्या दारी गेलं की दगड मिळतो. इथं अंगणात दगड नाही, नुसतं कापलेलं गवत. सून म्हणाली, "आई, ऑनलाइन मागवू." दगड विकत घ्यायचा हे मला पटेना.

त्या रविवारी सगळे जुना तुरुंग बघायला गेलो. कैद्यांना इथं डांबून त्यांच्याकडून विटा पाडून घेत. आता तिथं तिकीट आहे, कॉफी आहे, कैद्यांसारखे पट्ट्यापट्ट्यांचे टीशर्ट विकायला आहेत. मुलानं मला गजांमागे उभं करून फोटो काढला. "आई, हस ना," म्हणाला. मी हसले.

पुढे कोठड्यांचे जिने होते. ते माझ्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. मी मागच्या झाडांखाली बाकावर बसले. तिथं गवतातून विटांची टोकं वर आली होती. उभ्या पुरलेल्या, एकमेकींपासून लांब लांब. जुन्या वाफ्यांची कड असेल असं मला वाटलं. एक हलत होती, ओढली तर निघाली. चांगली भाजलेली, जड, कोपरे शाबूत. कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून खड्ड्यात माती सारली, पायानं दाबली, वर पाला ओढला. वीट शालीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. कैऱ्यांची सोय झाली.

थोड्या वेळानं गाइड बाई सगळा घोळका घेऊन तिथंच आली. माझी माणसंही त्यात होती. बाई हळू आवाजात काही बोलली. पुरुषांनी टोप्या काढल्या. माझी नात कॉलेजात आहे. ती कानाशी लागून म्हणाली, "आजी, धिस इज अ ग्रेव्हयार्ड. जे प्रिझनर्स इथं मेले ना, त्यांचं. नावं नाहीत. वन ब्रिक, वन मॅन. त्यांनीच बनवलेल्या ब्रिक्स."

मीही मान खाली घातली. पिशवी खांद्यावरच होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. चारचौघांत मुलाची शोभा होईल असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

गाडीपाशी नातीनं पिशवी घेतली. "आजी, व्हाय इज धिस सो हेवी? जेवण तर संपलं ना?"

सांगावंच लागलं.

मुलानं इकडेतिकडे बघितलं. "आई, अगं ही गव्हर्न्मेंटची जागा आहे! माझं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. आता गप्प बस, घरी गेल्यावर बघू."

"घरी नेऊन काय करणार?" सून म्हणाली. "कैऱ्यांवर ठेवणार?"

"बाबा, सिरियसली? समबडी इज अंडर देअर," नात म्हणाली आणि माझा हात धरून मागे वळली.

झाडांखाली आलो तर खड्डा सापडेना. मीच तो नीट बुजवला होता. नात गुडघ्यांवर बसून पाला बाजूला करत होती. "इकडे होती? थिंक, आजी!" बाकाच्या डावीकडे की उजवीकडे, तेही मला सांगता येईना. उचलताना मी वीट बघितली होती, जागा बघितली नव्हती.

शेवटी नात गाइड बाईला घेऊन आली. बाई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं वीट दोन्ही हातांनी घेतली आणि मलाच थँक यू म्हणाली.

मी नातीला म्हटलं, "विचार तिला, कुठंतरी मोकळ्या जागी लावता येईल का."

नातीनं विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही आजी. चुकीच्या जागी लावली तर ते खोटं होईल. आत ऑफिसमध्ये ठेवणार."

बाई वीट घेऊन तुरुंगाच्या दारातून आत गेली. तो माणूस जिवंत असताना तिथून सुटला नव्हता. मेल्यावर तेवढा बाहेर, झाडाखाली आला होता. मी त्याला परत आत घातलं, आणि बाहेर तो कुठं आहे हे आता कुणालाच ठाऊक नाही.