नाव घेतल्याबिगर

लग्न झाल्यापासून मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. माझ्या मालकांचं नाव राम. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि देवाचंही तेच असलं की देवाचंही राहून जातं. मी ‘सीतामाईचे मालक’ म्हणून हात जोडायची. रामफळाला ‘सीताफळाचा भाऊ’ म्हणायची, आणि ते ऐकायला मालक मुद्दाम रामफळं घेऊन यायचे. मग तापाची साथ आली आणि तीन दिवसांत ते गेले. त्यानंतर हात जोडणंही सुटलं. स्वतःच्याच नावाचा माणूस ज्याला राखता आला नाही, त्या देवाला कशाला हाक मारायची, असा माझा राग होता.

कारंज्याजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात मागे उरलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मुलाच्या दुःखानं म्हणा, वयानं म्हणा, त्यांना चळ लागला. कांद्याची रोपं गवत समजून उपटायच्या आणि निंदणाचं गवत भाजी म्हणून चुलीवर चढवायच्या. एकदा मी ती भाजी मुकाट्यानं खाल्ली. मीठ मात्र बरोबर पडलं होतं. मला त्या कालच घरात आलेली नवरी समजत. “कुकू कुठं सांडलं वो?” असं रोज विचारत. “घामानं पुसलं,” मी सांगायची. लगेच पुढचं ठरलेलं, “तू कोनाची? नाव घे.” मी ‘सीतामाईच्या मालकांची’ म्हणून आडोशाला जायची. “थो सीतेचा झाला. तुया कोन, थे सांग.” मला हसू यायचं आणि त्यातच रडू फुटायचं. विधवेला कोणी उखाणा विचारत नाही. मला आत्याबाई दिवसातून दहादा विचारत होत्या.

मालक गेल्याला दोन वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात हसूही संपलं. त्या मला चोर समजू लागल्या, अंगावर काठी टाकू लागल्या. धनज गावचा त्यांचा भाऊ येऊन पाहून गेला, तो परत फिरकला नाही. एका दुपारी त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला, आणि माझ्यातलं सगळं बळ सरलं. मी विहिरीकडे निघाले, परत न येण्यासाठी. आपल्यामागे यांचं काय होईल, हे मनातही आलं नाही. त्याची लाज मला आजही आहे.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. नव्या नवरीला अडवतात तसे दोन्ही हात चौकटीला लावून. “नाव घेतल्याबिगर जाऊ देनार नाई.”

“सोडा आत्याबाई, पानी आनाले चालली.”

“मंग घागर कुठं हाय?”

कांदा आणि गवत ज्यांना वेगळं कळत नव्हतं, त्यांनी हे विचारलं. उखाणा कसला सुचतो. तोंडातून एवढंच निघालं, “रामाची. मी रामाची हाय, आत्याबाई.”

त्यांनी हात खाली घेतले. चेहरा उजळला. “माया पोराचं नाव बी रामच हाय. वाटेत भेटला तं सांगजो, जेवाले ये म्हनावं.”

वाट मोकळी होती, पण मी उंबऱ्यावर बसून राहिले आणि दोन वर्षांचं रडून घेतलं. नवरी माहेरच्या आठवणीनं रडते असं समजून त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्या बऱ्या झाल्या नाहीत. मला त्यांनी शेवटपर्यंत ओळखलं नाही. घागरीचं कोणी विचारलं, त्यांनी की आणखी कोणी, याचा मी वाद घालत नाही. त्या दिवशी कोणाची तरी झाले, आणि ओझं एकटीचं राहिलं नाही, एवढं खरं. पुढे त्यांचं बोलणंही गेलं. मी जवळ बसून म्हणायची, “आत्याबाई, इचारा नं, तू कोनाची?” त्या नुसत्या बघत. मग मी न विचारताच सांगायची. अजूनही दारातून निघताना सांगते, आणि घागर घेऊनच निघते.