कोरड्या चारीतून थेट

भास्करअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नगरच्या सावेडीतल्या आमच्या ऑफिसात सकाळची बातमी वेबसाइटवर चढवत होते. महिना झाला त्याला. अजूनही बातमीत राहात्याचं नाव आलं की हात थबकतो...

अण्णा आमच्या पेपरचे राहात्याचे वार्ताहर. मी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या बातम्या पाकिटातून एसटीने यायच्या. एकदा बस वाटेत बंद पडली, तर अण्णा पाकीट घेऊन स्वतःच दुधाच्या टेम्पोतून नगरला हजर! पुढे छापील अंक थांबवून सगळं मोबाईलवर न्यायचं ठरलं. बैठकीत आमचा एक सहकारी म्हणाला, "अण्णांना आता मोकळं करू या." अण्णा तिथेच होते. नंतर माझ्या टेबलाशी आले. "ताई, कागद बंद झाला. बातमी कुटं बंद झाली? मला तेवढं व्हिडिओचं शिकवा." वय सत्तरीला टेकलेलं. चार दिवस त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचेच व्हिडिओ पाठवले. पाचव्या दिवशी चेहरा दिसला, तोही आडवा.

त्याच उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं. त्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या शेवटच्या गावांपर्यंत ते पोहोचल्याचं पाटबंधारे खात्याच्या कागदांवर होतं. अण्णांना पटेना. भर दुपारी आमच्या फेसबुक पानावर त्यांचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. चारीच्या तळातून ते चालत होते, कॅमेरा पायांवर. "पानी आलंय म्हनत्यात. बघा, माझ्या चपला बी ओल्या न्हाईत." दम लागत होता, तरी थांबले नाहीत. काठावर माणसं जमली, मागोमाग चालू लागली. तो व्हिडिओ पाटबंधारे खात्याच्या साहेबांपर्यंत अण्णा घरी परतायच्या आत पोहोचला होता. तिसऱ्या दिवशी वरचं गेट उघडलं. पाणी आलं, तेव्हा अण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून ते दाखवत होते. इकडे ऑफिसात पहिली टाळी वाजवली ती 'मोकळं करू' म्हणणाऱ्यानेच.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, कमलकाकू, चहा गाळत होत्या. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला.

"काकू, बंद करून ठेवायचा ना..."

काकूंनी हातानेच मला थांबवलं. चष्मा चढवला, वही पुढे ओढली आणि फोन कानाला लावला.

"ते न्हाईत आता. पर बातमी काय हाय? सांगा, मी लिहून घेते."