घरबसल्या लायब्ररी

"ज्ञानाला कुलूप लावता येत नाही," असं आमचे प्राचार्य माइकवर म्हणाले, तेव्हा रीडिंग रूमच्या कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. कुलूप मी सकाळीच लावलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं.

प्रसंग ई-लायब्ररीच्या उद्घाटनाचा. मी बुऱ्हाणपूरच्या एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल होते. ई-लायब्ररी म्हणजे पुस्तकं आणि मासिकं एका कंपनीच्या पोर्टलवर. कॉलेजनं वर्गणी भरायची, मुलांनी मोबाइलवर वाचायचं. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन होतं. कॉलेजला ग्रेड देणारी टीम येते आणि तिला काहीतरी नवं दाखवावं लागतं. लायब्ररी घरोघरी पोचली, मग वाचायला कॉलेजात खोली कशाला, असं मीटिंगमध्ये ठरलं आणि रीडिंग रूम बंद झाली. पाहुण्यांना मावाजलेबी दिली. ती चांगली होती.

दुसऱ्या दिवशी मी घरून पोर्टल उघडून पाहिलं. उघडलं नाही. कंपनीला फोन केला. तिथल्या इंजिनियरनं शांतपणे समजावलं. प्रत्येक इंटरनेट कनेक्शनला एक पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. पोर्टल तो पत्ता बघून दार उघडतं. आमच्या पॅकेजमध्ये पत्ता फक्त कॉलेजचा होता. घरून वाचायचं तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं लागतं. त्याचं नाव रिमोट ॲक्सेस. त्यासाठी प्राचार्यांचा एक मेल पुरेसा होता.

मी केबिनमध्ये गेले.

"सर, ई-लायब्ररी घरून उघडत नाही."

"मग कुठून उघडते?"

"कॉलेजातून."

"मग मुलांनी कॉलेजात येऊन उघडावी."

"बसायचं कुठं? रीडिंग रूम बंद आहे."

सरांनी पंख्याचा वेग वाढवला. मराठीत अडचण झाली की ते हिंदीत जात.

"मॅडम, आप हर चीज़ में निगेटिव क्यों ढूँढती हैं? इन्स्पेक्शन हो जाने दीजिए."

रीडिंग रूममध्ये फार कुणी येत नसे, हे खरं. पण सुनंदा रोज यायची. एम.ए.चं शेवटचं वर्ष, पदरात लहान मुलगी, सासर गावातल्याच बुधवारा पेठेत. खाली किराणा दुकान, वर घर. ती शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करत होती. पास झाली तर सरकारी शाळेच्या नोकरीची वाट उघडणार होती. घरच्यांनी तेवढ्या एका परीक्षेपुरती सवड दिली होती. दुपारी दोन ते सहा. आल्यावर आधी ती टेबलावर डोकं टेकून झोपायची. मी कधी उठवलं नाही. मग जागी व्हायची आणि सहापर्यंत मान वर करायची नाही.

उद्घाटनानंतर ती आलीच नाही. मी तिच्या घरी गेले. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"काकू, सुनंदाला पाठवा. रूम बंद असली तरी माझ्या टेबलापाशी बसेल."

"या व मॅडम, बसा. आता कशाला पाठवू? पेपरात आलं ना, घरबसल्या लायब्ररी."

"ते अजून नीट सुरू नाही झालं."

"असं कसं? फोटोत तं तुम्ही बी उभ्या आहात."

स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला. "मॅडम, मोबाइलवर नुसतं चक्र फिरतं."

"फिरू दे," सासूबाई म्हणाल्या. "तवर कुकर लाव."

सासूबाई वाईट नव्हत्या. गुडघे गेलेले, नात दिवसभर अंगावर. सून लायब्ररीत जाते, हे त्यांनी मान्य केलं होतं. तिथं गेलेली बाई हाकेच्या टप्प्यात नसते. घरात पुस्तक घेऊन बसलेली बाई मात्र रिकामी असते, तिला कुणीही उठवावं. लायब्ररी ही मुख्यतः घराबाहेरची जागा आहे, हे माझ्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मी मेल स्वतः लिहून सरांकडे नेला. दोन ओळींचा होता. त्यांनी फक्त पाठवायचा होता.

"इन्स्पेक्शन के बाद," सर म्हणाले.

"तोवर सुनंदाला माझ्या टेबलापाशी बसू द्याल?"

"टीम पूछेगी, लायब्ररी तो घर पहुँच गई, फिर ये कौन बैठी है? क्या बोलूँ मैं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते त्यांना नको होतं.

टीम आली. पोर्टल केबिनमध्ये उघडून दाखवलं. कॉलेजातच असल्यामुळे ते झटकन उघडलं. टीमचे प्रमुख खूश झाले आणि त्यांना घरून वाचणारा एखादा विद्यार्थी भेटायला हवा होता. सर मला म्हणाले, तुमच्याकडची सगळ्यात नियमित मुलगी बोलवा. अशी एकच होती. खुद्द कॉलेजातून फोन आला म्हणून सासूबाईंनी पाठवलं. सुनंदा ठेवणीतली साडी नेसून आली.

"बेटा, पहले रोज़ कॉलेज आना पड़ता था?"

"जी सर. दोपहर को, रोज़."

"और अब?"

"अब नहीं आती सर. घर पर ही रहती हूँ."

"बहुत बढ़िया," म्हणत प्रमुखांनी ते लिहून घेतलं.

"सर, रिमोट ॲक्सेस अजून," मी सुरुवात केली.

"मॅडम, ज़रा चाय का देखिए," प्राचार्य म्हणाले.

मी चहाचं सांगून परत येईपर्यंत टीम जिमखाना बघायला गेली होती. सुनंदा कॉरिडॉरमध्ये उभी होती, रीडिंग रूमच्या दाराशी. तिनं विचारलं, "मॅडम, मी काही चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, नाही, सगळं खरंच बोललीस. मग ती गेली. कुकर लावायचा होता.

कॉलेजची ग्रेड वाढली. टीमच्या अहवालात ई-लायब्ररीचं वेगळं कौतुक आलं, सरांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. सुनंदा परीक्षेला बसली. पास झाली नाही. पुढच्या खेपेसाठी सवड मिळाली नाही.

कुठलीही सेवा घरपोच करण्याआधी, ज्याच्या घरी ती पोचवायची त्याला त्या घरातून चार तास बाहेर पडायचं होतं का, एवढं विचारावं. फीडबॅक फॉर्ममध्ये तसा प्रश्न नसतो. इंटरनेटचा स्पीड कसा आहे, असा असतो.

मेल गेला, मी निवृत्त झाल्यावर. आता पोर्टल घरून उघडतं. सुनंदाच्या कानावर आलं तेव्हा तिनं मला फोन केला. घरातली सगळी झोपल्यावर वाचता येईल, म्हणाली. मी कॉलेजात चौकशी केली. लॉगिन फक्त चालू विद्यार्थ्यांना मिळतं.