गुरप्पाअण्णांचा हिरवा प्याला

गुरप्पाअण्णा कुणाच्या लग्नाला निघाले, तर एकवेळ चप्पल विसरतील, पण सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेला तो हिरवा प्याला विसरणार नाहीत. पंगतीत जेवतील सगळ्यांबरोबर, चहा मात्र त्यातच. आम्ही समोरासमोर राहायचो. चाळीस वर्षांत अण्णा त्या प्याल्यातून जेवढा चहा प्यायले, तेवढ्यात उजनी धरण दोनदा भरलं असतं. मी एरवी वाढवून सांगतो; हे कमी करून सांगतोय.

प्याला चिनी मातीचा, आणि थेट चीनचाच. रंग कोवळ्या कैरीचा. अंगावर कमळ कोरलेलं, पण इतकं पुसट की डोळ्यांआधी बोटाला कळावं. कान नाही. "चिनी मानूस हुशार हाय की ओ," अण्णा म्हणायचे. "हाताला सोसलं तरच ओठाला सोसतंय. आपन कान लावतो अन् जीभ भाजून घेतो."

त्याची कुळकथा ऐकायला मैंदर्गीहून पाव्हणे यायचे. अण्णांचे पूर्वज म्हणे विजापूरच्या बादशहाच्या मुदपाकखान्यात होते. त्या काळी दरबारात असली हिरवी चिनी भांडी जिवापाड जपत. विष पडलं की ती तडकतात, अशी समजूत होती. एकदा सरबत ओतताच जोडीतला एक प्याला तडकला, बादशहा वाचला, आणि उरलेला प्याला पूर्वजांना बक्षीस मिळाला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विष देणारा एक सरदार होता. दहा वर्षांत सात झाले. पुढे पुढे कटात एक हत्तीही सामील झाला. अण्णा बादशहाची गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायचे. हत्ती आला की भिंतीकडे बघायचे.

चहा ओतण्याआधी प्याल्याला गरम पाण्यानं अंघोळ, हा त्यांचा नेम. माझ्या बायकोचा चहा पहिल्यांदा त्यात ओतला, तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. प्याला टिकला. संसारही टिकला.

मग धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून महानंदा, अकलूजची. तिचा या घरातला पहिला चहा, कडाक्याची थंडी आणि घरभर पाव्हणे. अण्णा कथेत असे रंगले की अंघोळ राहिली. गार प्याला पुढे केला, महानंदानं उकळता चहा ओतला.

टक्!

काठापासून बुडापर्यंत केसासारखी भेग. पाव्हण्यांच्या बश्या हवेतच राहिल्या. अण्णांची थोरली मावसबहीण म्हणाली, "गुरप्पा, आता काय म्हनायचं? इख असलं की तडकतंय, तूच सांगत हुतास की."

महानंदानं पातेलं खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या पोरीचं नाव तीन तालुक्यांत झालं असतं.

अण्णांनी प्याल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि ठिबकणारा चहा एका दमात पिऊन टाकला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "कसलं विजापूर अन् कसला बादशा, आक्का! करकंबच्या बाजारात बांगडीवाल्याच्या शेजारी घेतलाय. इतकी वर्सं थापा मारल्या तुमाला. आन गं महानंदा अजून, लई भारी झालाय."

जो हशा पिकला! अण्णांची टर उडवण्यात पाव्हणे पोरीला विसरून गेले. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना 'करकंबचे बादशहा' म्हणायची, आणि अण्णा ऐटीत मुजरे घ्यायचे. विजापूरची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. जुन्या वस्तूंच्या जाणकार एक बाई माझ्या ओळखीच्या. महानंदाकडून प्याला मागून आणला आणि त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा केला, भिंग लावलं, आणि समोरचा चहा गार होईतो बघत राहिल्या. "चीनचाच आहे," म्हणाल्या. "तुमच्या बादशहाहूनही जुना असेल."

मी धावत जाऊन महानंदाला सांगितलं. ती हसली.

"मला ठाव हाय, काका. करकंब म्हनताना मामंजी भिंतीकडं बघत हुते."

मग तिनं प्याल्याला गरम पाण्यानं अंघोळ घातली, माझा चहा ओतला, आणि ठिबकतो म्हणून खाली बशी ठेवली.