हातातला पेच

जयपुरात बसून समुद्राची काळजी करते म्हणून माहेरी माझी यथेच्छ टिंगल होते. "वाळूत होडी चालवतेस का गं?" असं आईच विचारते. नवऱ्याची बँकेतली बदली, त्याला मी काय करू? माझं काम कॉम्प्युटरवर. कुपा मासा, म्हणजे ट्यूना, पकडायला समुद्रात मैलोन्‌मैल दोरी सोडतात, तिला शेकड्यांनी गळ. पण गळाला काय कळतंय, कुपा कोण नि कासव कोण! कुठला जीव किती अडकतो आणि अडकला तर त्याची पिढी भरून यायला किती काळ जातो, हे बघून आमची टीम त्याचा धोका ठरवते. कुपा भराभर वाढतो. कासवाला मात्र वयात यायलाच वर्षानुवर्षं लागतात. आमच्या तक्त्यात ते लालेलाल होतं.

उपाय होता. कासवं बरीचशी वरच्या पाण्यात असतात, तर गळ खोल सोडायचे. पण बोटमालकांनी ऐकायला हवं ना! कोकणातल्या मालकांशी व्हिडिओवर शेवटची बैठक ठरली. एकही बोट मिळाली नाही, तर आमचं काम तिथेच गुंडाळावं लागणार होतं. सणाला बोटी किनाऱ्यावर असतात म्हणून संक्रांतीची दुपार घेतली. आमची इथली पहिलीच संक्रांत. इथे त्या दिवशी अख्खं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं, हे मला काय ठाऊक!

बैठकीत माझं एक वाक्य पुरं होईना. बाहेर भोंगे आणि "वो काटा!"चा गजर. सगळ्यांत ज्येष्ठ मालक, त्यांना सगळे काका म्हणत, हसून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे लढाई चाललीय की काय? दाखवा तरी!"

म्हटलं, नाहीतरी कोण ऐकतंय. लॅपटॉप उचलला नि गच्चीवर गेले. आकाशभर पतंग बघून मंडळी खूश झाली.

"एवढ्या मांजात पाखरं नाही अडकत?" काकांनी विचारलं.

"अडकतात ना! म्हणून सकाळी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग बंद. ती त्यांची जायची-यायची वेळ." सकाळीच शेजारच्या भाभीजींनी तिळपट्टी देताना बजावलं होतं.

"आत्ता किती वाजले?"

पाच वाजून गेले होते. आणि आमच्याच गच्चीवर, दिवसभर एकही पेच न जिंकलेला माझा नवरा मान वर करून ढील देत होता.

"अहो, पाच वाजले! उतरवा तो पतंग!"

"एकच मिनिट गं! आत्ता काटतोच!"

काका खो खो हसले. "बघा! आम्हीपण हेच म्हणतो. एवढी एकच खेप!"

झालं, संपलं सगळं. रागाने आणि लाजेने माझं तोंड लाल झालं. नवऱ्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मुकाट्याने पेचातून पतंग सोडवला आणि मांजा गुंडाळायला लागला. पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, "डर गए, अंकलजी!" तरी तो गुंडाळतच राहिला.

काका हसायचे थांबले. पतंग गच्चीवर टेकेपर्यंत बघत राहिले.

"लिहा ताई, माझी एक बोट. हा हंगाम गळ खोल सोडतो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तू कशाला रडतेस?" नवरा म्हणाला. "जिंकत आलेला पेच माझा होता."