न काढलेलं रक्त

भाऊ गेला तेव्हा मी रडले नाही. डॉक्टर आहे, रोज मरण बघते, म्हणून रडत नसेल, असं लोकांनी परस्पर ठरवलं. मीही ते खोडून काढलं नाही. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. चहा गरम आहे हे कळायचं, पण जीभ भाजल्यासारखं वाटायचं नाही, तसं काहीसं.

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, वाड्यांचं. केळी, पानवेली, मोगरा. घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे. भाऊ माझ्याहून लहान, जवळच्याच शाळेत शिकवायचा. शाळा सुटली की सायकलवरून घरी यायचा. एका दुपारी हळदीच्या जेवणाहून परतणाऱ्या जीपने त्याला मागून उडवलं. जीप चालवणारा उतरताना स्वतःच पडला. त्याच्या तोंडाला वास येत होता, त्याला धड उभं राहता येत नव्हतं, हे रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. मग सगळे भावाभोवती जमले आणि तेवढ्यात जीपवाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वजनदार माणसाला सोबत घेऊन चौकीवर हजर झाला. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. आई आणि मी तिथे बाकावर बसलो होतो. त्याचं रक्त कुणी तपासलं नाही, आणि तपासलं असतं तरी तोवर त्यात काही सापडलं नसतं. दारूचा मुद्दा खटल्यात आलाच नाही.

चर्चमध्ये भावाच्या नावाने महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली आणि मी कामावर परत गेले. तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

पावसाळ्यात रविवारची ड्युटी म्हणजे चिंचोटीच्या धबधब्याची ड्युटी, असं आम्ही म्हणायचो. सकाळी मुंबईहून गाड्या भरभरून यायच्या, दुपारनंतर परत निघायच्या. त्यातले बरेच जण प्यालेले असायचे. पोलीस हायवेच्या तोंडाशी उभे राहायचे आणि संशय आला की गाडी बाजूला घ्यायचे. फुंकायचं मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. म्हणून धरलेला प्रत्येक माणूस माझ्याकडे यायचा, रक्त द्यायला. ओले, कुडकुडणारे पुरुष बाकांवर ओळीने बसलेले असायचे. काही हात जोडायचे, काही कुणाकुणाच्या ओळखी सांगायचे.

एकदा त्यांच्यात एक मुलगा होता, तो पीत नव्हता. पीत नाही म्हणूनच मित्रांनी त्याला गाडी चालवायला बसवलं होतं. वास येत होता तो मागे बसलेल्यांचा. मी तपासून तसं लिहून दिलं, तरी हवालदाराने त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. "साहेब आल्याशिवाय सोडता येत नाही," एवढंच. त्याने आईला फोन करू द्या म्हणून विचारलं, तर तेही नाही. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, मी नक्की काय केलं?" मी म्हटलं, "काही नाही." तो गेला, मी पुढचा माणूस बोलावला.

मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या पावसाळ्यातलं.

दुपारी चारच्या सुमारास एका बाईला टेम्पोत घालून आणलं. कामणच्या बाजूला रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजून विकणारी, जवळच्याच पाड्यावरची. एका गाडीने शेगडीसकट तिला फरफटत नेलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं, दंडाला निखाऱ्यांनी भाजलं होतं. ती ओरडत नव्हती. "पानी दे," एवढंच म्हणत होती. मी सलाईन लावलं, पायाला आधार बांधला, मोठ्या रुग्णालयात हलवायची सोय करायला सांगितलं. तोवर गाडीवाल्याला घेऊन पोलीस आले.

पस्तिशीचा असेल. चांगल्या घरचा दिसत होता, अंगावर ओली हाफ पँट. आल्या आल्या त्याने मोठ्याने सांगितलं, "मला कोणी हात लावायचा नाही. रक्त मी देणार नाही. आधी वकिलाला फोन करू द्या."

फौजदार माझ्या ओळखीचे होते. भावाच्या वेळी पंचनामा त्यांनीच केला होता. ते म्हणाले, "मॅडम, याचं ऐकत बसू नका. बाटली तयार ठेवा."

मी तयारी केली. या कामाला कातडी स्पिरिटने पुसायची नसते, कारण स्पिरिट म्हणजे दारूच. कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. साबणाच्या पाण्याचा बोळा घेतला, सिरिंज घेतली आणि वळले. चौघांनी त्याला टेबलावर आडवा केला होता. एकाने खांदे दाबले होते, दोघांनी पाय. चौथ्याने गुडघा त्याच्या छातीवर टेकवून उजवा हात माझ्याकडे ताणून धरला होता. त्याची शीर टच्च फुगली होती. इतकी चांगली शीर सहसा मिळत नाही.

"मॅडम, पटकन," फौजदार म्हणाले.

त्या माणसाचं डोकं माझ्या कमरेशी होतं. तो आता ओरडत नव्हता, छातीवर गुडघा असल्यामुळे नुसता श्वास घेत होता. तोंडाला वास येत होता. पडद्यापलीकडून ती बाई पाणी मागत होती. त्या वेळी मला संताप आला असता तर मी समजू शकले असते, दया आली असती तरीही. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. समोर एक हात होता, तो कुणीतरी ताणून धरला होता आणि त्याला तो द्यायचा नव्हता, एवढं मला स्वच्छ दिसलं.

"सोडा त्यांना," मी म्हणाले.

"काय?"

"सोडा. बसवा खुर्चीवर."

फौजदार जवळ आले, हळू आवाजात बोलले. "मॅडम, कायद्यात जोर लावायची सोय आहे. मी काही बेकायदा करत नाहीये."

"असेल. पण टोचायचं मला आहे. असं दाबून धरलेल्या माणसाला मी टोचणार नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्याच घरात असं झालेलं. आणि तुम्हीच?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी हाताने खूण केली. पोलीस बाजूला झाले. माणूस उठला आणि झोकांड्या खात खुर्चीपर्यंत आला. मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघा. रक्त दिलंत तर दारू किती होती ते नेमकं कळेल. नाही दिलंत तर नाही म्हणालात असं मी लिहीन. आणि तपासताना मला जे दिसेल तेही लिहीन."

"दिलं तर मला त्रास होईल?"

"प्यायला असाल तर होईल."

"दोनच बिअर घेतल्या," तो म्हणाला. मग पोलिसांकडे बघून घाईने, "हे लिहू नका."

"तुम्ही बोललात ते नाही लिहीत. तपासलेलं लिहिते."

"नाही देत," तो म्हणाला.

मी लिहिलं: तोंडाला दारूचा वास, डोळे लाल, बोलणं जड, चाल अस्थिर, रक्त देण्यास नकार. त्याने विचारलं, "ती बाई जगेल ना?" मी म्हटलं, "जगेल." त्याने मान खाली घातली, पण हात पुढे केला नाही. ते त्याच्यावर होतं.

फौजदारांनी कागद घेतला आणि त्याला जीपमध्ये घातलं. दुसऱ्या एका ठिकाणी नेऊन त्यांनी त्याचं रक्त घेतलं, हे मला नंतर कळलं. तिथल्या डॉक्टरांनी ते विचारून काढलं, की न विचारता, की दाबून धरून, मला माहीत नाही. त्या बाईला संध्याकाळी ॲम्ब्युलन्समधून मुंबईला हलवलं.

अशा गोष्टी आमच्या गावात पोहोचायला वेळ लागत नाही. दोन-तीन दिवसांनी मी घरी आले तर आई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या हातात होता तो."

"हो."

"आणि तू सोडलास."

"मी रक्त काढलं नाही. सोडला नाही."

"तेच ते." तिने सुपातल्या उमललेल्या कळ्या बाजूला केल्या. "तो आंघोळ करून आला होता, आठवतं तुला? भांग पाडून."

"आठवतं."

"मग?"

आईने सूप उचललं आणि आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझं ताट वाढून ठेवायची आणि जेवायला ये अशी हाक मारायची नाही. मी जेवायचे. मीठ कमी की जास्त, ते कळायचं नाही.

खटला वसईच्या कोर्टात उभा राहिला तोवर दोन पावसाळे उलटले होते. मला साक्षीचं समन्स आलं. आई म्हणाली, "मी पण येते." का, ते सांगितलं नाही. आम्ही दोघी एसटीने गेलो. ती मागच्या बाकावर पदर सावरून बसली. तिच्या शेजारी काठी घेऊन एक बाई बसली होती. ती कणीसवाली. मी तिला आधी ओळखलंच नाही. मी तिला आडवीच पाहिली होती.

आरोपीचे वकील माझ्याशी फार अदबीने बोलले. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूची.

"माझ्या अशिलाला चार पोलिसांनी टेबलावर दाबून धरलं होतं, हे खरं?"

"हो."

"छातीवर गुडघा ठेवला होता?"

"हो."

"आणि ते बघून तुम्ही रक्त घ्यायला नकार दिलात?"

"हो."

"डॉक्टर, दारूसारखा वास काही औषधांनाही येतो. बरोबर?"

"येतो. यांना आला तो दारूचा होता. आणि यांना सरळ चालता येत नव्हतं."

वकिलांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी मला सोडलं. दुसरीकडच्या डॉक्टरांची साक्ष आधीच झाली होती. कातडी कशाने पुसली हे त्यांना आठवत नव्हतं, बहुतेक स्पिरिटनेच, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल टिकला नाही. नुसत्या माझ्या तपासणीवर दारूचा आरोप सिद्ध होत नाही, असं ठरलं. भरधाव गाडी चालवून दुखापत केली एवढं सिद्ध झालं. शिक्षा म्हणून दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. निकालाच्या दिवशीही आई माझ्याबरोबर आली होती. तो माणूस संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला, मग गेला. जाताना त्याने मला नमस्कार केला. मीही केला.

कणीसवालीने मला पायऱ्यांवर गाठलं. "झाला का, बाई? आता यायला लागल का परत?"

"नाही. झालं सगळं."

"बरं," ती म्हणाली, आणि काठी टेकत एकेक पायरी उतरू लागली. आई तिच्या दुसऱ्या बाजूने हाताला धरून उतरली. खाली गेल्यावर त्या दोघी काहीतरी बोलल्या. काय, ते मी विचारलं नाही.

एसटीची वाट बघताना आई म्हणाली, "चौघांनी धरला होता, गुडघा ठेवला होता, हे तू मला सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस."

तिने एसटी येते का ते वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आपल्या वेळी एकानेही धरला नाही."

"नाही धरला."

एसटी आली. आईला खिडकीजवळ जागा मिळाली. त्या दिवसापासून ती मला पुन्हा जेवायला हाक मारू लागली. माझं म्हणणं तिला पटलं होतं असं मला वाटत नाही. तिचं मला पटलं होतं का, तेही सांगता येणार नाही. तो माणूस प्यायला होता, हे मला माहीत होतं. ते सिद्ध झालं नाही. त्याला तसं धरायला नको होतं, हेही मला माहीत होतं.

मी तिथेच नोकरीत राहिले. रविवारी माणसं येत राहिली. प्रत्येकाला मी आधी समजावून सांगायचे. बहुतेक जण चुपचाप हात पुढे करायचे. क्वचित कुणी नाही म्हणायचा. मग मी तसं लिहायचे, आणि फौजदार, जे कोणी असतील ते, नाराज व्हायचे.

काही वर्षांनी फुंकायची मशीन आली. वसईत नाक्या-नाक्यावर पोलीस ती घेऊन उभे राहू लागले. एका संध्याकाळी मी स्कूटरवरून नातेवाइकांच्या साखरपुड्याहून येत होते, आई मागे बसली होती. पोलिसाने हात केला. कोवळा पोरगा होता. "मॅडम, फुंका." मी हेल्मेट काढलं, फुंकलं. आकडा शून्य आला. "जा," तो म्हणाला.

आई उतरून त्याच्यापाशी गेली. "बघू रे बाळा."

तो गोंधळला, पण त्याने मशीन तिच्या हातात दिलं. आईने ते उलटंसुलटं करून पाहिलं, तळहातावर तोललं.

"एवढंच लागतं?" तिने विचारलं.

"एवढंच, आजी. लगेच कळतं."

आईने मशीन परत केलं. मागे बसताना तिने माझ्या खांद्याला धरलं. तिचा हात गार होता, आणि तो गार आहे हे मला नीट जाणवलं. मी स्कूटर चालू केली.