रिकाम्या कपाटाची टेस्ट

“कपाट रिकामं करून ठेवलंय, सर,” मंगलताई म्हणाल्या आणि मी नेहमीसारखा खूश झालो. टेस्टला गेल्यावर समोरच्यांनी तयारी ठेवलेली असली की माझा अर्धा तास वाचतो. बाकीच्या कंपन्यांत आधी गेटवर ताटकळायचं, मग लॅबची चावी शोधायची, मग पसारा आवरून घ्यायचा. चाकणच्या या कंपनीत सगळं चोख असायचं. मंगलताई सकाळीच आतल्या ॲसिडच्या बाटल्या ट्रॉलीवर काढून ठेवायच्या आणि आतून फडकंसुद्धा फिरवून घ्यायच्या.

कपाट म्हणजे फ्यूम हूड. लॅबमधले फ्यूम हूड नीट चालतात की नाही हे तपासून सर्टिफिकेट द्यायचं, हे माझं काम. भोसरीतल्या एका छोट्या एजन्सीत मी हे बरीच वर्षं करतोय. तळेगावहून मोटरसायकलवर टूलबॉक्स बांधून निघायचं, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचायचं आणि संध्याकाळपर्यंत तीन-चार हूडना स्टिकर लावून परत यायचं.

हूड म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. या कंपनीत गाड्यांचे पार्ट ओततात. ओतलेला धातू बरोबर आहे का हे बघायला त्याचा छोटा तुकडा ॲसिडमध्ये टाकून हॉटप्लेटवर तापवतात. त्यातून जी वाफ निघते ती नाकात, घशात गेलेली चांगली नाही. म्हणून हे काम एका मोठ्या पेटीत करतात. पेटीला पुढून वरखाली सरकणारी काच असते आणि गच्चीवर एक पंखा असतो. पंखा पेटीतली हवा ओढतो, त्यामुळे लॅबमधली हवा काचेखालच्या मोकळ्या जागेतून आत शिरते आणि जाताना वाफ सोबत घेऊन जाते. लोकांना वाटतं काच वाचवते. काच शिंतोडे अडवते, वाफेपासून वाचवते ती हवा.

पेटीच्या मागच्या भिंतीपुढे आणखी एक खोटी भिंत असते, तिला बॅफल म्हणतात. बॅफलला खाली आणि वर आडव्या फटी असतात. हवा या फटींतून मागे गेली तर पेटीत सगळीकडून सारखी ओढली जाते. खालची फट बुजली तर आत शिरलेल्या हवेला पुढे वाट मिळत नाही. ती तिथेच गिरकी घेते आणि थोडीफार आल्या वाटेने परत येते. येताना वाफ घेऊन येते, आणि वाटेत काम करणाऱ्याचा चेहरा असतो.

आता त्या कपाटाबद्दल. लॅब सुरू केली त्या जुन्या इन्चार्जनी रजिस्टरमध्ये ‘धुराचं कपाट’ असं लिहून ठेवलं होतं. बोलताना पुढे धूर गळाला आणि कपाट राहिलं. नावाला चुकीचं काही नव्हतं, पण कपाट म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात त्यात काहीतरी ठेवायला जातोच. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या अडीच लिटरच्या बाटल्या आत मागच्या बाजूला दोन ओळींत उभ्या असायच्या, बॅफलला अगदी टेकून. पुढे उरलेल्या जागेत हॉटप्लेट. मला त्या बाटल्या दिसायच्या त्या बाहेर ट्रॉलीवर, ओळीने मांडलेल्या. त्या आत कुठे असतात हे न कळायला मी काही काल जन्मलो नव्हतो.

त्या दिवशी मी हुडाच्या तोंडापाशी वाऱ्याचा वेग मोजला. सेकंदाला साधारण अर्धा मीटर लागतो, तेवढा भरला. मग धुराची कांडी पेटवून आत धरली. धूर सरळ रेघेत मागे गेला. बघायलासुद्धा छान वाटतं ते. मंगलताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. पन्नाशीला दहा-बारा वर्षं कमी असतील, मूळच्या राजगुरुनगरच्या बाजूच्या, बी.एस्सी. झालेल्या. ऑफिसात शुद्ध बोलायच्या, घाईत गावचं बोलणं बाहेर यायचं.

“सर, काम करताना आंबट वास येतो. घसा खवखवतो,” त्या म्हणाल्या.

मी कांडी पुन्हा पेटवली. म्हटलं बघा, बोटभरसुद्धा बाहेर येतोय का?

“आत्ता कपाट रिकामं हाय ना, सर. रोज थोडंच असं असतंय.”

“टेस्ट रिकाम्याचीच असते, ताई,” मी म्हणालो.

खोटं बोललो नव्हतो. नवीन हूड बसवताना रिकामाच तपासतात आणि तीच सवय पुढे दरवर्षी चालू राहते. रिकाम्या हुडात मीटरचा स्टँड नीट बसतो, आकडे सरळ येतात, कोणी वाद घालत नाही. पण आज लिहिताना कळतं की त्या बाईने मला एका वाक्यात फॉल्ट शोधून दिला होता. मी तिला नियम सांगितला.

अगदीच दुर्लक्ष केलं असंही नाही. मी रिमार्कमध्ये लिहायला घेतलं की वापरणाऱ्याला वास येतो, बाटल्या आत ठेवू नयेत. क्वालिटी हेड देवरे साहेबांनी ते वाचलं. माणूस वाईट नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे कस्टमरचं ऑडिट होतं. रिमार्क लेखी आला की त्याचं उत्तर द्यावं लागतं, त्याला तारीख द्यावी लागते, मग ऑडिटर तीच तारीख धरून बसतो. ते म्हणाले, वाघोले साहेब, लेखी कशाला, तुम्ही तोंडी सांगितलंत ना, मी करून घेतो. मी वास येत असल्याचं लिहिलं, त्यापुढे ‘वेग मर्यादेत’ असं जोडलं आणि बाटल्यांचं वाक्य गाळलं. हिरवा पास स्टिकर चिकटवला. मी जिना उतरत होतो तेव्हा मंगलताई बाटल्या परत आत लावत होत्या. बाटल्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

वर्षातून एक दिवस ते कपाट रिकामं असायचं आणि त्याच दिवशी मी जायचो.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ट्रॉलीवर बाटल्या, आत स्वच्छ, वेग बरोबर. मागच्या वर्षीचा रिपोर्ट माझ्याकडे होता, म्हणून आठवणीने विचारलं, “काय ताई, अजून वास येतो का?”

“नाही सर. आता काहीच येत नाही.”

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच. वाटलं, देवरेंनी शब्द पाळला, बाटल्या दुसरीकडे हलवल्या असतील, ट्रॉलीवर दिसतायत त्या आजच्यापुरत्या असतील. एकदा विचारून बघायला काय झालं होतं? पण चांगली बातमी आली की आपण उलटतपासणी घेत नाही. मी फॉर्मवर लिहिलं, ‘वासाची तक्रार मिटली.’ स्टिकर लावला आणि देवरे साहेबांबरोबर कँटीनला गेलो, कारण त्यांनी जेवून जा असा आग्रह केला होता.

कँटीनला देवरे साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. मी मंगलताई आणि त्यांच्या लॅबमधली दुसरी केमिस्ट अश्विनी यांच्या टेबलावर बसलो. मे महिना होता. मंगलताईंनी डबा उघडला, मटकीची उसळ होती. झाकण निघाल्याबरोबर मला टेबलाच्या पलीकडून वास आला. उसळ पार आंबली होती. मी पाहुणा, बोलू कसा म्हणून गप्प राहिलो. मंगलताईंनी चपातीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि खाल्ला. दुसरा घास घेतला.

अश्विनीने त्यांचा हात धरला. “ताई, नका खाऊ. खराब झालीय.”

मंगलताईंनी डबा उचलून नाकाशी नेला. एकदा हुंगला, परत हुंगला. मग माझ्याकडे बघितलं.

“मला तर न्हाई येत वास,” त्या म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला. विचारलं, कपाटाचा वास कधीपासून बंद झाला? दिवाळीनंतर, त्या म्हणाल्या. हळूहळू कमी होत गेला. घरी जेवण बेचव लागायचं, पण तेव्हा सर्दी होती, म्हणून मनावर घेतलं नाही.

“बाटल्या हलवल्या ना तिथून?”

“नाही, सर. तिथंच आहेत. मला वाटलं, तुम्ही वरून काहीतरी दुरुस्त करून घेतलंत. वास थांबला ना.”

म्हणजे दिवाळीपासून ती बाई माझ्यावर भरवसा ठेवून त्या कपाटापुढे उभी होती. तिला वाटत होतं मी काम केलं, मला वाटत होतं देवरेंनी केलं. मला त्या टेबलावरून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

जेवण तसंच ठेवून आम्ही लॅबमध्ये गेलो. मी त्यांना सांगितलं, बाटल्या रोजच्यासारख्या आत लावा, हॉटप्लेट चालू करा. ॲसिड नको, नुसतं पाणी तापवा. मग मी हॉटप्लेटशेजारी धुराची कांडी धरली. सकाळी जो धूर सरळ मागे गेला होता, तो बाटल्यांवर आपटला, वर चढला, वळला आणि काचेच्या कडेखालून बाहेर आला. थोडाच, पण सतत.

मी उंच आहे. त्या हुडापुढे उभा राहिलो की माझं नाक काचेच्या आड येतं. मंगलताई पाच फुटांच्या. त्या बीकर बघायला जरा वाकल्या की त्यांचं नाक बरोबर काचेच्या कडेखाली, धूर बाहेर येत होता तिथे. इतक्या वर्षांत मी त्या जागी माझ्या उंचीनेच उभा राहिलो होतो.

मी सकाळचा स्टिकर नखाने खरवडायला लागलो तेवढ्यात देवरे साहेब आले.

“काय चाललंय? सकाळी पास, दुपारी फेल?”

“सकाळी रिकामं पास झालं. तुम्ही भरलेलं वापरता.”

“दरवर्षी तुम्हीच रिकामं करायला लावता, साहेब.”

मी म्हणालो, चूक माझी आहे, पण हे आज बंद राहणार. त्यांनी उद्याच्या डिस्पॅचचं काय विचारलं. मी मंगलताईंच्या डब्याचं सांगितलं. देवरे खुर्चीत बसले. मग स्वतः फोन करून त्यांनी सँपल बाहेरच्या लॅबला पाठवायला सांगितले. त्या क्षणी मला ते माझ्यापेक्षा बरे वाटले.

आठवड्याभरात बाटल्यांसाठी वेगळं ॲसिड कॅबिनेट आलं, त्याला स्वतंत्र एक्झॉस्ट जोडला. हुडात आता हॉटप्लेट आणि लागेल तेवढी एक बाटली, तीही काम झालं की बाहेर. ती एक बाटली आत ठेवून, हॉटप्लेट चालू करून, मंगलताईंच्या उंचीवर धूर धरून मी टेस्ट केली. धूर मागे गेला. एक कॅबिनेट आणि अर्ध्या दिवसाचं काम. एवढ्यासाठी वर्ष गेलं होतं.

मंगलताईंना चिंचवडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वासाच्या नसा दुखावल्यात. ॲसिडमुळे की त्या सर्दीमुळे, हे छातीठोक सांगता येत नाही. थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. कंपनीच्या फाइलला ‘सांगता येत नाही’ हे सोयीचं होतं. मलाही सोयीचं झालं असतं, पण मी तो धूर डोळ्यांनी बघितला होता.

आता त्या डॉक्युमेंटेशनला आहेत. मी रिपोर्ट त्यांच्याकडेच देतो. मध्यंतरी माफी मागितली तेव्हा त्यांनी फार काही मोठं बोलून दाखवलं नाही. म्हणाल्या, घरी दूध तापवताना आता तिथून हलत नाही, आणि गॅस बंद आहे का ते मुलीला हुंगायला लावते. तिला त्याची गंमत वाटायची, आता कंटाळा येतो. कधीतरी लिंबू कापलं तर कळतं. एवढं सांगून त्यांनी रिपोर्टची पानं मोजली आणि पोच दिली.

मी माझी पद्धत बदलली आहे. हूड रोज जसा वापरतात तसाच आधी तपासतो, रिकामा नंतर. रिमार्क लेखीच देतो, ऑडिट असो नसो. आणि टूलबॉक्समध्ये कॉफीची एक छोटी डबी ठेवतो. हुडावर काम करणारा म्हणाला की वास येत नाही, तर मीटर काढण्याआधी ती डबी उघडून त्याच्या नाकासमोर धरतो. लोक हसतात, काही वैतागतात. तक्रार थांबली की आधी तक्रार करणाऱ्याकडे बघावं आणि मग फॉर्म भरावा, एवढाच यातला धडा आहे आणि तो शिकायला मला दुसऱ्याचं नाक लागलं. सगळ्यांना डबी दाखवतो, मंगलताईंसमोर ती उघडायचा धीर मला अजून झालेला नाही.